सी भाषेत मजकुरातून पूर्णांक कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्ड, फाइल, कमांड लाइन, नेटवर्क, कुठूनही आकडा आला तरी सी प्रोग्रॅमच्या हाती तो बहुतेक वेळा मजकूर म्हणूनच पडतो. त्याचा पूर्णांक करणं हे पहिल्या सेमिस्टरचं काम वाटतं. प्रत्यक्षात कामावर लागल्यावरही अनेकांचा कोड इथेच अडखळतो, कारण आकडा कसा काढायचा एवढंच शिकवलं जातं. आकडा खरंच निघाला का, हे कसं ओळखायचं ते शिकवायचं राहून जातं. या पानाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

वाचण्यापूर्वी एक सूचना. इथले आकडे देवनागरीत छापले आहेत, प्रोग्रॅममध्ये ते नेहमीच्या कीबोर्डवरच्या इंग्रजी अंकांनीच लिहायचे. फंक्शनची नावं वर्गात आपण उच्चारतो तशी दिली आहेत. देवनागरी अंकांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर पुढे सविस्तर दिलं आहे.

स्ट्रिंगमध्ये "४५" आहे. तिला इंटमध्ये कास्ट केलं (प्रकार बळेच बदलला) तर भलताच आकडा का येतो?

कारण त्या स्ट्रिंगमध्ये पंचेचाळीस ही संख्या नाहीच. आस्की संकेतात (अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) तिथे तीन बाइट आहेत: "४" या अक्षराचा ५२, "५" या अक्षराचा ५३ आणि शेवटी स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून ०. शिवाय सीमध्ये स्ट्रिंगचं नाव लिहिलं की हाती येतो तो तिच्या पहिल्या बाइटचा पत्ता. कास्ट केल्यावर तुम्ही तो पत्ताच आकडा म्हणून छापता. ६४ बिटच्या मशीनवर पत्ता ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा, म्हणून तोही अर्धाच उरतो. कंपायलर इथे वॉर्निंग देतो. ती वाचा, दाबून टाकू नका.

मग एका अंकाचं अक्षर आकड्यात कसं बदलायचं?

त्यातून "०" हे अक्षर वजा करा. आस्कीत "०" म्हणजे ४८ आणि "७" म्हणजे ५५, वजाबाकी ७. थेट ४८ लिहू नका, अवतरणातलं शून्य लिहा. शून्य ते नऊ ही अक्षरं ओळीने एकापुढे एक असतील, अशी हमी सीचं मानक (भाषेचे अधिकृत नियम) देतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालणाऱ्या एब्सिडिक संकेतात शून्य २४० वर आहे, तरी हीच वजाबाकी तिथेही बरोबर उत्तर देते. अक्षरांबाबत अशी हमी नाही. एब्सिडिकमध्ये इंग्रजी वर्णमाला सलग नाही, म्हणून षोडशमान (१६ पायाच्या) आकड्यांसाठी ही युक्ती डोळे झाकून वापरू नका.

पूर्ण संख्येसाठी आतापर्यंतच्या बेरजेला १० ने गुणायचं आणि नवा अंक मिळवायचा. "४७२" घेतलं तर आधी ४, मग ४० अधिक ७ म्हणजे ४७, मग ४७० अधिक २ म्हणजे ४७२. सगळी तयार फंक्शनं आतून हेच करतात.

कॉलेजात मजकुराचा इंट करणारं एटूआय शिकवलं होतं. तेच वापरू का?

बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी वापरू नका. यात मी कुठलीही सूट देत नाही.

एटूआयला चूक सांगण्याचा मार्गच नाही. "०" दिलं तर ते ० देतं, "नाशिक" दिलं तरी ०, रिकामी स्ट्रिंग दिली तरी ०. वापरकर्त्याने खरंच शून्य टाकलं की काहीच टाकलं नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिल्लक रक्कम किंवा औषधाची मात्रा वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा फरक किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण मोठ्या आकड्यांची. उत्तर इंटमध्ये मावत नसेल तर काय व्हावं, हे मानकाने ठरवलेलंच नाही. ६४ बिटच्या लिनक्सवर जीलिबसी ही तिथली सीची लायब्ररी वापरून "४२९४९६७२९७" दिलं तर एटूआय १ परत करतं, कारण आत ते आकडा लाँगमध्ये वाचतं आणि मग इंटमध्ये कापून टाकतं. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत हीच स्ट्रिंग २१४७४८३६४७ देते. प्रोग्रॅम एकच आणि उत्तरं दोन, तरी मानकाच्या दृष्टीने दोघांचंही चुकलेलं नाही. सर्ट या संगणक सुरक्षा संस्थेच्या सुरक्षित कोडिंग नियमांमध्ये ईआरआर ३४ हा नियम खास यासाठीच आहे: मजकुराचा आकडा करताना चूक झाली का, हे तपासलंच पाहिजे.

तुम्हीच कोडमध्ये लिहिलेल्या स्थिर स्ट्रिंगवर एटूआय चालवलं तर बिघडत नाही. पण मग थेट आकडाच का लिहू नये?

त्याऐवजी काय वापरायचं?

स्ट्रटूएल. इंग्रजीत एस, टी, आर, टी, ओ, एल अशी सहा अक्षरं, आणि ते एसटीडीलिब हेडरमध्येच आहे. १९८९ च्या पहिल्या मानकापासून ते भाषेत आहे, म्हणजे तुमचा कंपायलर कितीही जुना असला तरी ही सोय त्यात बहुधा असणारच.

त्याला तीन गोष्टी द्यायच्या: मजकूर, एका कॅरॅक्टर पॉइंटरचा पत्ता आणि संख्येचा पाया. पाया बहुतेक वेळा १० असतो, पण २ ते ३६ पर्यंत काहीही चालतो. मधली गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. आकडा वाचून झाल्यावर फंक्शन जिथे थांबलं, तो पत्ता ते या पॉइंटरमध्ये ठेवतं. आपण त्याला एंड पॉइंटर म्हणू.

"४२" दिलं तर उत्तर ४२ आणि एंड पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्य बाइटवर. "४२ रुपये" दिलं तरी उत्तर ४२, पण पॉइंटर ४२ नंतरच्या रिकाम्या जागेवर थांबलेला. "रुपये ४२" दिलं तर उत्तर ० आणि पॉइंटर जागचा हललेलाच नाही, तो स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच आहे. वीस वेळा ९ लिहून दिलं तर उत्तर लाँगची कमाल किंमत, पॉइंटर शेवटावर आणि एररनो या ग्लोबल खुणेत ईरेंज हा मर्यादा ओलांडल्याचा संकेत. चारही प्रसंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात, हाच एटूआयशी असलेला फरक.

समजा फॉर्ममधून वय वाचायचं आहे. कोड या क्रमाने लिहा:

१. एररनो शून्य करा.
२. स्ट्रटूएल बोलवा, पाया १०, उत्तर लाँग व्हेरिएबलमध्ये घ्या.
३. एंड पॉइंटर आणि मूळ स्ट्रिंग एकाच पत्त्यावर असतील तर एकही अंक मिळाला नाही. नाकारा.
४. एररनोमध्ये ईरेंज असेल तर आकडा लाँगमध्येही मावला नाही. नाकारा.
५. एंड पॉइंटर जिथे आहे तिथे शून्य बाइट नसेल तर मागे काहीतरी शिल्लक आहे. नाकारा, किंवा ते शिल्लक काय आहे ते बघून ठरवा.
६. उत्तर १ पेक्षा लहान किंवा १२० पेक्षा मोठं असेल तर नाकारा. त्यानंतरच इंटमध्ये ठेवा.

हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये बसवा. यश आलं की नाही ते फंक्शनने परत करावं आणि आकडा पॉइंटरमधून द्यावा. एकदा लिहिलं की पूर्ण प्रोजेक्टभर तेच वापरता येतं.

एररनो आधी शून्य का करायचं? फंक्शन ते करत नाही का?

नाही. मानक लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन एररनो शून्य करत नाही, चूक झाली तर ते त्यात काहीतरी लिहितं. आधीच्या एखाद्या फंक्शनने ठेवलेला ईरेंज तसाच पडून असेल, तर तुमचा "४२" सुद्धा चुकीचा ठरेल. आणि एकही अंक नसताना ईइनव्हाल हा चुकीच्या इनपुटचा संकेत मिळेलच, असं धरून चालू नका. काही सिस्टिम तो देतात, मानक त्याची सक्ती करत नाही. म्हणून वरची तिसरी पायरी वगळता येत नाही.

मला इंट हवा आहे, स्ट्रटूएल तर लाँग देतं. चालेल ना?

मर्यादा स्वतः तपासली तर चालेल. ६४ बिटच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ८ बाइटचा असतो. विंडोजवर ६४ बिटमध्येही तो ४ बाइटचाच असतो. म्हणजे "३००००००००० " सारखा तीनशे कोटींचा आकडा विंडोजवर ईरेंज देईल, पण लिनक्सवर बिनतक्रार वाचला जाईल आणि तुम्ही तो इंटमध्ये ठेवताना खराब होईल. लिमिट्स हेडरमधल्या इंटमॅक्स आणि इंटमिन यांच्याशी तुलना करून मगच इंटमध्ये ठेवा.

सगळीकडे नक्की ६४ बिट हवे असतील तर १९९९ च्या मानकात आलेलं स्ट्रटूएलएल वापरा, ते लाँग लाँग देतं. आपल्याकडे काही कॉलेजांत अजून टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो. तिथे इंट १६ बिटचा, म्हणजे कमाल ३२७६७. तिथे लिहिलेला प्रोग्रॅम जीसीसी या आजच्या कंपायलरवर वेगळं उत्तर देतो, यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

पुण्याचा एसटीडी कोड ०२० वाचला तर १६ आला. असं का?

पाया म्हणून तुम्ही ० दिला असणार. पाया ० दिला की स्ट्रटूएल मजकुराच्या सुरुवातीवरून पाया स्वतः ठरवतं: शून्य आणि एक्स असेल तर १६, नुसतं शून्य असेल तर ८, नाहीतर १०. त्यामुळे ०२० हा अष्टमान आकडा ठरला आणि त्याची किंमत १६ झाली. नागपूरचा ०७१२ घेतला तर ४५८ येईल. गोव्याचा ०८३२ घेतला तर आणखी वाईट: अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून फंक्शन पहिल्या शून्यानंतर थांबतं आणि उत्तर ० देतं. तारखांमध्ये हा दोष फार काळ लपून राहतो. जुलैचा ०७ नीट चालतो आणि ऑगस्टचा ०८ येताच शून्य. स्कॅनएफ कुटुंबातला टक्का आय हा संकेतही असाच वागतो. माणसांनी दशमानात टाकलेल्या आकड्यांसाठी पाया नेहमी १० लिहा.

आता मुळातला प्रश्न. पाया १० दिला तरी ०२० चे २० होतात आणि पुढचं शून्य जातं. एसटीडी कोड ही संख्या नव्हेच. त्याची बेरीज किंवा सरासरी कोणी काढत नाही. मोबाइल नंबरचंही तेच. भारतातले दहा आकडी मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे त्यातला सगळ्यात लहानसुद्धा ३२ बिटच्या अनसाइन्ड इंटच्या ४२९४९६७२९५ या मर्यादेबाहेर आहे. बारा आकडी आधार क्रमांक तर दूरच. या गोष्टी स्ट्रिंग म्हणूनच ठेवा. किती अंक आहेत आणि प्रत्येक अक्षर अंकच आहे ना, एवढं तपासा. आकड्यात बदलू नका.

"१,२५,०००" चं उत्तर १ येतं.

स्ट्रटूएल स्वल्पविरामावर थांबलं. एंड पॉइंटर तपासला असता तर लगेच कळलं असतं, एटूआयने मात्र सव्वा लाखाचा गुपचूप एक रुपया केला असता. उपाय साधा आहे: स्वल्पविराम वगळून बाकी अक्षरं दुसऱ्या अॅरेमध्ये उतरवा आणि ती स्ट्रटूएलला द्या. पण "१,,२" किंवा ",५" यांचं काय करायचं ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर स्वल्पविराम लाख-हजारांच्या जागी नसेल तर मजकूर सरळ परत पाठवावा. पैशाच्या बाबतीत अंदाज बांधण्यापेक्षा पुन्हा विचारलेलं बरं.

एफगेट्सने ओळ वाचली की "मागे काहीतरी शिल्लक" अशी चूक येते. का?

एफगेट्स ओळीच्या शेवटचं न्यूलाइन अक्षरही स्ट्रिंगमध्ये ठेवतं. विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर वाचलीत तर त्याआधी कॅरेज रिटर्नही असतं. सुरुवातीची रिकामी जागा स्ट्रटूएल स्वतः गाळतं, शेवटची गाळत नाही. म्हणून एंड पॉइंटर रिकाम्या जागेवर असेपर्यंत पुढे सरकवा आणि मग शून्य बाइट आहे का ते बघा.

फक्त पहिल्याच ओळीचा आकडा शून्य येत असेल तर फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट आहेत का ते तपासा. ती यूटीएफ-८ ची ओळखखूण आहे. काही एडिटर आणि स्प्रेडशीट फाइल साठवताना ती घालतात.

एसस्कॅनएफ वापरलं तर?

किती किंमती वाचल्या ते एसस्कॅनएफ सांगतं, एटूआयपेक्षा एवढं बरं. पण आकडा मावत नसेल तर काय होईल हे तिथेही मानकाने सोडून दिलं आहे. ठरलेल्या साच्यातल्या, स्वतःच लिहिलेल्या फाइलसाठी ठीक. लोकांनी टाइप केलेल्या मजकुरासाठी नको.

स्ट्रटूएलची अनसाइन्ड (ऋण किंमत नसलेली) आवृत्ती स्ट्रटूयूएल वापरली की ऋण आकडे आपोआप नाकारले जातात ना?

नाही, आणि हे अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. स्ट्रटूयूएल "-१" आनंदाने स्वीकारतं, उत्तर उलटं फिरवून अनसाइन्ड लाँगची कमाल किंमत देतं आणि एररनोला हातही लावत नाही. ६४ बिटच्या लिनक्सवर ती किंमत १८४४६७४४०७३७०९५५१६१५. कुणी मेमरी मागण्यासाठी हा आकडा वापरला तर पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रिकाम्या जागा ओलांडून पहिलं अक्षर वजाचं चिन्ह आहे का ते स्वतः बघा, किंवा साइन्ड आवृत्तीने वाचून शून्यापेक्षा लहान आकडे नाकारा.

मुलाखतीत एटूआय स्वतः लिहायला सांगतात. खरी परीक्षा कशाची असते?

ओव्हरफ्लोची, म्हणजे उत्तर मर्यादेबाहेर जाण्याची. दहाने गुणा आणि मिळवा, हे सगळेच लिहितात. पुढची ओळ मात्र बहुतेक जण अशी लिहितात: गुणून झाल्यावर उत्तर ऋण झालं का ते बघा. हे चुकीचं आहे. साइन्ड इंट मर्यादेबाहेर गेला की सी भाषेत त्या प्रोग्रॅमच्या वागण्याची हमीच संपते. धन आकडे गुणून-मिळवून ऋण येऊच शकत नाही असं कंपायलर धरून चालू शकतो आणि ऑप्टिमायझेशन चालू असताना तुमची तपासणी काढून टाकू शकतो.

तपासणी गुणाकाराच्या आधी हवी. नवा अंक घेण्यापूर्वी बघा: इंटमॅक्समधून तो अंक वजा करून १० ने भागल्यावर जे येतं, त्यापेक्षा आतापर्यंतचं उत्तर मोठं आहे का? असेल तर थांबा. ३२ बिटच्या इंटला ही गोष्ट लावून बघू. कमाल किंमत २१४७४८३६४७, उत्तर २१४७४८३६४ पर्यंत आलं आहे. पुढचा अंक ७ असेल तर वजाबाकी २१४७४८३६४०, भागाकार २१४७४८३६४, उत्तर त्याहून मोठं नाही, म्हणून चालेल. पुढचा अंक ८ असेल तर वजाबाकी २१४७४८३६३९, भागाकार २१४७४८३६३, उत्तर मोठं, म्हणून नाकारा.

इथे आणखी एक बारकावा आहे. किमान किंमत -२१४७४८३६४८ आहे, पण २१४७४८३६४८ ही धन संख्या इंटमध्ये मावत नाही. आधी धन करून शेवटी चिन्ह लावणारा कोड ही एक वैध किंमत नाकारतो. म्हणून जाणकार पूर्ण बेरीज ऋण बाजूने करतात: मिळवण्याऐवजी वजा करत जायचं आणि वजाचं चिन्ह नसेल तर शेवटी उत्तर उलटवायचं. उलटवण्याआधी ते इंटमिन नाही ना, एवढं बघायचं. हे स्वतःहून सांगणारा उमेदवार लगेच उठून दिसतो.

२०२३ च्या मानकात सीकेडी नावाने सुरू होणारी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराची साधनं आली आहेत. ओव्हरफ्लो झाला का, ते ती थेट सांगतात. जीसीसी आणि क्लँग यांच्यात अशीच बिल्टइन फंक्शनं त्याआधीपासून आहेत.

वापरकर्ता "१२५" देवनागरीत टाइप करतो. स्ट्रटूएल शून्य का देतं?

मराठी कीबोर्ड चालू असलेल्या मोबाइलवरून किंवा युनिकोड मराठीत भरलेल्या फॉर्ममधून हे रोज येऊ शकतं. मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने याची तयारी ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. स्वतःच्या लिपीत आकडा लिहिणाऱ्या माणसाला "अवैध संख्या" असं उत्तर मिळू नये.

स्ट्रटूएलच्या लेखी शून्य ते नऊ म्हणजे इंग्रजी अंक. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटचा असतो. पहिले दोन बाइट सगळ्या अंकांना सारखेच, २२४ आणि १६५. तिसरा बाइट शून्याला १६६, एकाला १६७ आणि असं चढत जाऊन नवाला १७५. म्हणजे देवनागरीतल्या "१२५" मध्ये नऊ बाइट आहेत आणि शेवटच्या शून्य बाइटसकट तिला दहा बाइटची जागा लागते.

बदल सोपा आहे. स्ट्रिंग वाचत जा. २२४ आणि १६५ नंतर १६६ ते १७५ मधला बाइट आला की त्यातून १६६ वजा करा, इंग्रजी शून्याचं अक्षर मिळवा, ते दुसऱ्या अॅरेमध्ये लिहा आणि तीन बाइट पुढे जा. बाकीचे बाइट जसेच्या तसे उतरवा. मग तयार झालेली स्ट्रिंग स्ट्रटूएलला द्या, म्हणजे वरच्या सगळ्या तपासण्या आपोआप लागू होतात. तिसऱ्या बाइटची मर्यादा विसरू नका, कारण १६४ म्हणजे दंड आणि १६५ म्हणजे दुहेरी दंड.

एक सापळा मात्र टाळा. इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या मशीनवर साधा कॅर साइन्ड असतो, त्यामुळे २२४ हा बाइट तिथे -३२ दिसतो आणि तुमची तुलना कधीच जुळत नाही. बाइट आधी अनसाइन्ड कॅरमध्ये घ्या. अक्षर अंक आहे का ते सांगणाऱ्या इझडिजिट फंक्शनला अक्षर देतानाही हाच नियम पाळा. ऋण किंमत दिली तर तिथेही वागण्याची हमी राहत नाही.

उलट दिशेने, आकड्याचा मजकूर करायला आयटूए का सापडत नाही?

ते मानकात नाही, काही कंपायलर ते जास्तीचं म्हणून देतात. एसएनप्रिंटएफ वापरा आणि अॅरेचा आकार त्याला खरा सांगा.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं स्ट्रटूनम चांगलं आहे म्हणतात. ते लिनक्सवर मिळेल का?

ते खरोखर चांगलं आहे. मजकूर, किमान आणि कमाल मर्यादा द्यायची, चूक झाली तर कारण शब्दांत मिळतं. २००४ साली ओपनबीएसडी ३.६ मध्ये ते आलं. फक्त दशमान वाचतं आणि बहुतेक कामांना तेवढंच लागतं. जीलिबसीमध्ये ते नाही, पण लिनक्सवर लिबबीएसडी ही लायब्ररी जोडली की मिळतं.

माझ्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर "जीलिबसी २.३८ सापडली नाही" म्हणतो. मी तर फक्त स्ट्रटूएल वापरलंय!

त्यामुळेच. २०२३ च्या मानकाने स्ट्रटूएलला द्विमान आकडे ओळखायला शिकवलं. आता पाया ० दिला तर शून्य आणि बी ने सुरू होणारा "०बी१०१" हा मजकूर ५ होतो. पूर्वी तो ० होऊन बी वर थांबायचा. जुन्या प्रोग्रॅमचं वागणं बदलू नये म्हणून जीलिबसी २.३८ ने नव्या वागण्याला आतून वेगळं नाव दिलं. तुम्ही नव्या मानकाप्रमाणे किंवा जीएनयू सोर्स हा मॅक्रो चालू ठेवून कंपाइल केलं की प्रोग्रॅम त्या नव्या नावाशी जोडला जातो. जीसीसी १५ पासून नवं मानक हेच मूळ सेटिंग आहे. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, तिथे ते नाव नाहीच.

प्रोग्रॅम ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर चालवायचा आहे, तिच्यावरच किंवा तिच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. नुसतं जुनं मानक निवडून भागेलच असं नाही, कारण मेकफाइलमध्ये कुठेतरी जीएनयू सोर्स मॅक्रो असेल तर तो पुन्हा नव्या नावाकडेच नेतो.